चिनी दिवाण आणि चौसाळ्याची बस

नरहरी सर,

काल तुमचा दहावा झाला. तेरणेच्या काठी आम्ही सकाळपासून उन्हात उभे होतो आणि कावळा काही आला नाही. गावात हे सांगताना मी कावळ्यांची रांग थेट लातूरपर्यंत नेईन, आणि त्यातला एक पिंडाजवळ बसून तुमच्यासारखा चष्म्यावरून बघत होता असंही म्हणेन. पण तुमच्यापुढं असलं कधी चाललं नाही, आता कशाला चालवू. खरं ते असं, की एक बगळा आला, त्यानं पिंडाकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि तो पाण्यात जाऊन उभा राहिला.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं धरून मंडळी वचनं देऊ लागली. तुमच्या पुतण्यानं हात जोडून सांगितलं, काकूंना सांभाळतो. काही नाही. मग म्हणाला, बांधावरची आंब्याची झाडं तोडत नाही. तरी नाही. तेव्हा शाळेचे आत्ताचे हेडमास्तर घसा साफ करून पुढं झाले आणि म्हणाले, सरांची प्राध्यापकी राहिली. औरंगाबादेत त्यांचं सोनं झालं असतं, पण नशिबानं दोनदा दगा दिला. सगळ्यांनी माना हलवल्या. पुतण्यानं तिथल्या तिथं आपल्या मुलीला प्राध्यापक करायचं वचन देऊन टाकलं. ती मुलगी पुण्यात नर्स आहे, तिला कुणी विचारलेलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, कारण त्यांना पुढं ढोकीत अजून एक काम होतं.

मी गप्प उभा होतो. मी गप्प म्हटल्यावर दोघातिघांनी विचारलं, बाबुराव, बरं वाटत नाही का?

नशिबानं दोनदा दगा दिला, हे वाक्य गावाला पाठ आहे. त्यातला पहिला दगा खरा. कॉलेजातल्या जागेसाठी तुमची मुलाखत ठरलेली, शर्टाला इस्त्री झालेली, आणि आदल्या दिवशी तुमची आई गेली. सुतकात कुठं जाता? जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तुम्ही डोकं भादरून ओसरीवर बसला होता, तेव्हा आमचे त्या वेळचे हेडमास्तर भेटायला आले. आमचा इतिहासाचा मास्तर सासुरवाडीच्या गावात नोकरी बघून नुकताच पळाला होता, त्यामुळं हेडमास्तरांच्या तोंडावर दुःखापेक्षा वेळापत्रक जास्त होतं. थोडा वेळ मान खाली घालून बसले आणि उठता उठता त्यांनी विचारलं, "तेराव्यानंतर काय करताय?"

असे तुम्ही आमच्याकडं आलात. पहिल्या तासाला डोक्यावर पांढरी टोपी, ती सारखी घसरायची आणि पोरं हसायची. मी तेव्हा नवाच पीटीचा मास्तर. मी दारात येऊन शिट्टी अशी फुंकली की कारखान्यातले लोक शिफ्ट सुटली समजून डबे घेऊन घरी गेले. हे मी सांगायला लागलो की तुम्ही म्हणायचात, बाबुराव, त्या शिट्टीत वाटाणाच नव्हता. खरंच नव्हता. नुसती हवा निघाली. पण पोरं गप्प बसली, एवढं तरी माझ्या नावावर लिहा.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये मी तुम्हाला विचारलं की एवढा शिकलेला माणूस इथं कसा अडकला. तुम्ही सरळ उत्तर दिलं नाही. चीनमधल्या एका बड्या राजकारण्याची गोष्ट काढलीत. त्याचं नाव तुम्ही तीनतीनदा सांगितलंत, पण ते माझ्या जिभेला वळेना, म्हणून मी त्याला निजामाच्या दरबारातल्यासारखं दिवाण करून टाकलं. पुढं गावभर तो दिवाणच झाला. पारावरची म्हातारी माणसंसुद्धा तुम्हाला हटकायची, गुरुजी, दिवाणाचं पुढं काय झालं?

दिवाण शेतकऱ्याच्या घरचा. राजधानीतल्या परीक्षेत नापास, पुन्हा नापास, मग कसाबसा पास. चढत चढत मोठा अधिकारी झाला. एकदा लांबच्या प्रांतात परीक्षक म्हणून निघाला आणि वाटेत निरोप आला, आई गेली. त्यांच्याकडं आई किंवा बाप गेला की अधिकाऱ्यानं पद सोडून घरी जायचं आणि तीन वर्षांच्या आसपास सुतक पाळायचं. मी म्हणालो, आपल्याकडं असं असतं तर गावात दोन म्हाताऱ्या गेल्या की शाळाच बंद. तुम्ही हसला नाहीत, पुढं सांगत राहिलात. तो घरी पोचतो न पोचतो तोच त्याच्या प्रांतात बंडखोर घुसले. सरकारी फौज कुचकामी निघालेली. बादशहाला त्याच मुलखातला, भरवशाचा आणि हाताला काम नसलेला माणूस पाहिजे होता, आणि दिवाण नेमका घरी बसलेला. त्यानं सुतकाचं कारण देऊन नकार लिहून ठेवला होता. पण एक मित्र घरी येऊन ठाण मांडून बसला आणि त्यानं त्याला उठवलं. दिवाणानं गावागावांतली पोरं गोळा करून फौज उभी केली. सुरुवातीच्या एका लढाईत असा हरला की लाजेनं नदीत उडी घेतली. बरोबरच्या लोकांनी ओढून बाहेर काढलं. पुढं याच माणसानं बंड मोडलं आणि बुडणारं राज्य सावरलं.

मी म्हणालो, हे निव्वळ नशीब आहे सर. आई थोडी आधी गेली असती, नाहीतर थोडी नंतर, तर तुमचा दिवाण परमुलखात पेपर तपासत म्हातारा झाला असता.

तुम्ही म्हणालात, "सुतकात घरी बसलेले अधिकारी पुष्कळ होते, बाबुराव. फौज उभी करायचे हुकूमही पुष्कळांना गेले होते. त्यातल्या एकाचं तरी नाव ठाऊक आहे का?"

मला दिवाणाचंच नाव येत नव्हतं, बाकीच्यांचं कुठून सांगणार. पण भांडण तिथून सुरू झालं ते तुम्ही अंथरूण धरेपर्यंत चाललं. फाट्यावरच्या हॉटेलात मी दिवाणाला नदीत टाकायचो, तर मासे त्याला पाठीवर घेऊन काठाला आणायचे, आणि काठावर कुणीतरी त्याच्यासाठी भाकरी आणि बोकडाचं कालवण घेऊन उभं असायचं. तुम्ही बशीतला चहा संपवून शांतपणे म्हणायचात, मासे नव्हते. मी म्हणायचो, बोकड होतं ना? एकदा तुम्ही त्यावर खरंच विचार केलात आणि म्हणालात, बोकडाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही.

मी दिवाणाच्या बापाचं मरणही तुमच्यावर फेकायचो, कारण तेही तुम्हीच शिकवलेलं. ऐन मोहिमेत बाप गेला, दिवाण परवानगीची वाट न बघता घरी निघून आला, मनात हे की आता वरून मोठं पद देऊन बोलावणं येईल. बादशहा म्हणाला, बरं, बसा घरी. वर्षभराहून जास्त बसला भावांशी भांडत. मग तिकडं लढाई बिघडली आणि पुन्हा याची आठवण झाली. मी म्हणायचो, बघा, एका मरणानं वर काढला, दुसऱ्यानं खाली आदळला. कर्तृत्व कुठं आहे यात? तुम्ही म्हणायचात, घरी बसलेल्या त्या दिवसांत आहे. तो माणूस त्यात बदलला. आधी सगळ्यांशी वाकडं घ्यायचा, नंतर चारचौघांना धरून चालायला शिकला. हे काही बादशहानं दिलं नव्हतं.

गंमत अशी की हेच भांडण तुमच्यावर आलं की आपण जागा बदलायचो. दिवाणाचं सगळं त्याच्या हिमतीचं आणि तुमचं स्वतःचं मात्र सगळं नशिबाचं. माझं काय, म्हणायचात, आई गेली म्हणून आलो आणि बस बंद पडली म्हणून राहिलो.

आता ती बस. गावाला ठाऊक असलेला दुसरा दगा. तुम्हाला आमच्याकडं येऊन काही वर्षं झाली होती. तोवर लग्न झालं होतं, वहिनी घरात आल्या होत्या. औरंगाबादला पुन्हा तशीच जागा निघाली आणि पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलं. मला शाळेसाठी व्हॉलीबॉलची जाळी आणायची होती, म्हणून मीही बरोबर निघालो. येडशीहून बस धरली. चहाला चौसाळ्यात थांबलो. आणि तिथून आपण दोघं कांद्याच्या ट्रकमध्ये बसून परत आलो, जाळी नाही, मुलाखत नाही. घरी काय सांगायचं ते तुम्हीच ट्रकमध्ये ठरवलंत. बस बंद पडली, एवढंच सांगा, म्हणालात. एवढंच सांगणं मला जमतं का? पहिल्या दिवशी मी टायर फोडलं. आठवड्यात स्प्रिंगचा पाटा मोडला. वर्षभरात ड्रायव्हरला चक्कर आली आणि सगळ्या उतारूंनी बस ढकलत नेली. पुढंपुढं तर टायर निखळून एकटंच निघालं, बीडच्या स्टँडवर वेळेत पोचलं आणि फलाटाला लागलं. मागं राहिलो ते आपण.

तुम्ही समोर बसून हे सगळं ऐकायचात. एका माशाचं खोटं सहन न करणारा माणूस, पण त्या टायरबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. मला त्याची गंमत वाटायची. नंतर नंतर वाटेनाशी झाली, कारण तुम्ही आपण दोघंच असतानाही तसं बोलायला लागलात. बस बंद पडली नसती तर, असं म्हणून खिडकीबाहेर बघत राहायचात. माझ्या गोष्टी तालुक्यातल्या पुष्कळांनी खऱ्या मानल्या असतील, पण जो माणूस त्या वेळी माझ्याशेजारी होता त्यानंच मानाव्यात, असा प्रकार पहिलाच.

यंदा तुम्ही खाटेवर पडलात, मी रोज संध्याकाळी येऊन बसायचो. एकदा तुम्ही म्हणालात, दिवाणाला नशीब मिळालं आणि त्यानं त्याचं काहीतरी केलं, मी नुसता इथं उरलो. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, की सर, चौसाळ्याला काय झालं ते तुम्ही विसरलात, मी विसरलेलो नाही. पण वहिनी तुमच्या उशाशी औषध मोजत बसलेल्या, आणि त्यांच्यापुढं बोलायचं नाही असं ठरलेलं. उद्या त्या आत गेल्या की बोलू, असं म्हणून मी हवापाण्यावर आलो. त्या काही आत गेल्या नाहीत, तुम्हाला सोडून त्या कुठंच जात नव्हत्या. आणि मग तुम्हीच गेलात.

काल नदीवरून आल्यावर मी तुमच्या घरी गेलो. वहिनी मागच्या पडवीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, कावळा शिवला न्हाय म्हणं."

मी म्हणालो, हल्ली कावळेच कुठं राहिलेत, फवारणीनं सगळी पाखरं गेली.

"मला नका समजावू. ह्यांचं काय राहिलं, ते मला ठावं हाय. ती बस म्या बंद पाडली."

मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतायत. पण त्या अगदी सरळ बोलत होत्या. त्यांची बालवाडी त्या वर्षी नुकतीच सुरू झाली होती, आयाबाया आपली पोरं आणून सोडायला लागल्या होत्या, आणि त्यांना गाव सोडायचं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा त्या म्हणाल्या, चला की, शहर चांगलंच असतं. तुमच्या वाटेत कशाला यायचं म्हणून. आणि तुम्ही मुलाखतीला निघालात त्या सकाळी त्यांनी तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले आणि आईला नवस बोलल्या, काहीतरी होऊ दे आणि हे माघारी येऊ देत, खणानारळानं तुझी ओटी भरीन. त्याच दिवशी आपण दोघं कांद्याचा वास घेऊन दारात हजर. त्यांनी गुपचूप तुळजापूरला जाऊन नवस फेडला. पण तुम्ही खिडकीबाहेर बघत बस बंद पडल्याचं बोलायला लागलात की त्यांना तो नवस आठवायचा. म्हणून त्यांनी मंगळवारचा उपास धरला, तुमचं नुकसान केल्याची माफी म्हणून. तो उपास तुम्ही त्यांच्या भक्तीचा समजत होतात आणि मी त्यांच्या ॲसिडिटीचा.

आता बोला, सर. एक बस, आणि तिच्या तीन गोष्टी. गाव म्हणतं नशीब, वहिनी म्हणतात देवी, आणि खरं काय झालं ते ठाऊक असलेला मी एकटाच मागं राहिलेलो.

ठरलेलं मोडलं. मी म्हणालो, वहिनी, बस बंद पडली नव्हती. सर स्वतःहून मागं राहिले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी थकून म्हणाल्या, "आजच्या दिवशी तरी नको, भावजी."

मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, टायरची गोष्ट सांगतानासुद्धा तुम्ही शपथच घेत होता. मी म्हणालो, बस धडधाकट होती, वेळेवर बीडला गेली असेल. त्या म्हणाल्या, टायर गेलं असं तुम्हीच सांगितलं होतं. आयुष्यभर मी जे काही रचलं, ते सगळं त्या पडवीत माझ्यासमोर येऊन बसलं होतं आणि एकाही गोष्टीला जागेवरून उठवता येत नव्हतं. ही बाई उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत काढणार, आणि कारण काय, तर मी सांगतोय म्हणून ते खरं नसणार.

मग मी नुसतं जे झालं ते सांगितलं. हॉटेलच्या बाकावर आपण बसलो होतो. तुम्ही चहा संपवला होता. कंडक्टरनं घंटी मारली, मी पिशव्या घेऊन उठलो, तुम्ही उठला नाहीत. मी म्हणालो, सर, बस निघाली. आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या. मागच्या वेळी आई गेली म्हणून राहिलो. आज कुणी गेलेलं नाही. आज राहिलो तर मी राहिलो."

वहिनी म्हणाल्या, "परत म्हणा."

मी परत म्हणालो.

"हे तुमचं बोलणं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं असतं तर ह्यात वादळ तरी आलं असतं, न्हायतर वाघ. हे ह्यांचंच हाय."

माझ्या नावावर इतकी वर्षं जमलेला सगळा खोटेपणा त्या एका क्षणी कामाला आला, सर. एवढं कोरडं वाक्य मला रचताच आलं नसतं, म्हणून त्यांनी ते मानलं.

मग त्यांनी विचारलं, मला का सांगितलं नाही. मी म्हणालो, तुम्हाला शहराची हौस आहे असं सरांना वाटत होतं. तुम्ही मन मोडून राहाल, त्यापेक्षा बसला दोष जाऊ दे, म्हणाले. हे ऐकल्यावर मात्र वहिनींचा चेहरा बदलला. हातातली वाटी त्यांनी खाली आपटली.

"पोरांना चीनचा इतिहास शिकवला," त्या म्हणाल्या, "आन घरातल्या बाईला एक सरळ विचारता आलं न्हाय?"

मी म्हणालो, विचारलं होतं की. तुम्हीच म्हणालात, शहर चांगलं असतं.

"तुम्ही गप बसा," असं म्हणून त्या रडायला लागल्या. तुमच्या पुतण्याची बायको दारात आली आणि तिनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, काकू इतके दिवस रडल्याच नव्हत्या, बरं झालं. मी निघालो तेव्हा वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, हे लिहून काढा, शाळेच्या अंकात द्या, लोकांनी यांना नशिबानं मारलेला माणूस म्हणू नये. पण जसं झालं तसं लिहा.

म्हणून असं लिहिलंय. चौसाळ्याला तुम्ही राहिलात, ते तुमचं. दिवाणाचंही मी सोडून दिलं, फौज त्यानंच उभी केली, मान्य. पण तुम्ही डोकं भादरून आमच्या शाळेत आलात आणि स्टाफरूममध्ये नेमकी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, यात तुमची हिंमत कुठंच नव्हती आणि माझी तर नाहीच नाही. ते माझं नशीब. एवढं तरी खोडू नका.

आणि एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मी तुमच्या घरावरून गेलो तर वहिनी अंगणात तुमची खाट धुवायला काढून तिच्यावर बादलीनं पाणी ओतत होत्या आणि तोंडानं तुम्हाला बोलत होत्या. मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू येईल असं. इतकी वर्षं त्या स्वतःवर रागावून होत्या, कालपासून तुमच्यावर रागावल्या आहेत. त्यांना ते मानवतंय, आवाजात जोर आलाय. तुम्ही मध्ये पडू नका, त्यांचं पुरं होऊ द्या.

तुमचा
बाबुराव